चाळिशीनंतरचे मधले दिवस

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कोणत्याही कंपनीच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहा. बेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माणूस गाडी स्टँडवरून काढताना कंबर धरतो आणि म्हणतो, "आता वय झालं." शेजारचा मान डोलावतो. कोणी हरकत घेत नाही. मला या वाक्याला हरकत घ्यायची आहे, आणि तीही बॉक्सिंगसारख्या खेळाचा दाखला देऊन, जिथे वयाचा हिशेब रिंगमध्ये तोंडावर चुकता होतो.

१९ जुलै २०२५ हा एकच दिवस घ्या. लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने डॅनियल दुब्वाला पाचव्या फेरीत आडवं केलं. उसिक ३८ वर्षांचा, दुब्वा २७ वर्षांचा. त्याच दिवशी लास वेगासमध्ये फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ ३० वर्षांच्या जगज्जेत्या मारिओ बारियोसशी बारा फेऱ्या लढला आणि लढत बरोबरीत सोडवली. पॅकियाओचं वय ४६. दोन महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, टेरेन्स क्रॉफर्डने वजनाचे दोन गट वर चढून कॅनेलो अल्वारेझला हरवलं. क्रॉफर्डला अडतीस पूर्ण व्हायला तेव्हा दोन आठवडे बाकी होते.

ही माणसं जन्मतःच वेगळं शरीर घेऊन आली, असं म्हणून विषय सोडून देता येईल. त्यात खरंही आहे. पण पन्नास-साठ वर्षांपूर्वीही असली शरीरं जन्माला येतच होती, आणि तेव्हाचे बहुतेक बॉक्सर पस्तिशीच्या आत उतरणीला लागायचे. शरीर तेच असेल तर बदललं काय, हे सातपूरच्या माणसाने समजून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण जे बदललं, त्यातलं बरंचसं विनापैशाचं आहे.

जुना बॉक्सर वयाने संपत नव्हता, दोन लढतींच्या मधल्या महिन्यांनी संपत होता. लढत ठरली की दोन-तीन महिने जिवाचं रान करायचं. लढत झाली की जेवणावळी, दारू, झोपेचं खोबरं, आणि वजन पंधरा-वीस किलो वर. पुढची तारीख आली की उपाशी राहून, घाम गाळून तेच वजन पुन्हा उतरवायचं. शरीर दर वेळी फुगवलं, दर वेळी पिळलं. अशी दहा वर्षं काढली की तिशीतल्या माणसाचं शरीर पन्नाशीचं होतं.

आपल्याकडे हे पैलवानांनी भोगलं आहे. तालमीत असताना दूध, तूप, बदाम, मटण हा सगळा खुराक रोजच्या शेकडो जोर-बैठकांत जिरायचा. तिशीच्या आसपास तालीम सुटली, खुराक मात्र तोंडात राहिला. मग पोट सुटलं, गुडघे गेले, साखर लागली. गावोगावी अशी माणसं आपण पाहिली आहेत. त्यांच्या मेहनतीत खोट नव्हती. ती मेहनत एका दिवसात शून्यावर आली, हे त्यांना नडलं.

आता बर्नार्ड हॉपकिन्स या माणसाकडे पाहा. या विषयात मला सगळ्यात जास्त शिकवणारा हाच. फिलाडेल्फियाचा. ऐन तारुण्यातली जवळपास पाच वर्षं त्याने तुरुंगात काढली. १९८८ मध्ये सुटून आला आणि पहिलीच व्यावसायिक लढत हरला. १९९५ मध्ये तो मिडलवेट जगज्जेता झाला आणि दहा वर्षं, वीस वेळा, त्याने ते पद राखलं. २००५ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते गेलं. बहुतेकांनी तिथेच त्याच्या नावापुढे पूर्णविराम दिला. मे २०११ मध्ये कॅनडात त्याने २८ वर्षांच्या जीन पास्कालला हरवून पुन्हा जगज्जेतेपद मिळवलं. वय ४६. सातव्या फेरीआधी पास्काल अजून आपल्या कोपऱ्यात होता, आणि हा गडी रिंगमध्ये ओणवा होऊन जोर मारत होता. २०१३ मध्ये ४८ व्या वर्षी त्याने आणखी एक जगज्जेतेपद जिंकलं. २०१४ मध्ये ४९ व्या वर्षी बैबुत शुमेनोव्हला हरवलं.

कसं? हॉपकिन्सचं वजन बाराही महिने लढतीच्या वजनाच्या आसपास असायचं. लढत ठरलेली असो वा नसो, तो पहाटे उठायचा, पळायचा, व्यायामशाळेत जायचा, वेळेवर जेवायचा, वेळेवर झोपायचा. दारूला शिवायचा नाही. लढत ठरल्यावर शरीर नव्याने उभं करायची वेळच त्याच्यावर आली नाही, कारण ते कधी पडूच दिलं नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे, वेग कमी होत गेला तसं त्याने लढणं बदललं. ठोसे कमी केले. अंतर मोजू लागला. समोरच्याचा खांदा हलला की ठोसा कुठून येणार हे तो आधीच ओळखायचा, आणि अर्धं पाऊल सरकून तो वाया घालवायचा. टूलरूममधला जुना फिटर मशीनच्या आवाजावरून बेअरिंग ओळखतो आणि पोराच्या निम्म्या हालचालीत काम उरकतो, तशातलं हे कसब. ते पंचविशीत विकत मिळत नाही.

शरीरातलं काय आधी जातं आणि काय टिकतं, हेही नीट माहीत असावं. डोळ्याने पाहिलं आणि हात हलला, या दोन्हींमधला वेळ तिशीपासून हळूहळू वाढू लागतो. दम कमी होतो. बसून राहणाऱ्याचा दर दहा वर्षांत साधारण १० टक्के, पण सातत्याने व्यायाम करणाऱ्याचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. स्नायूही तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के घटतात, आणि इथे मात्र आपल्या हातात खूप आहे. १९९० मध्ये अमेरिकेत मारिया फियातारोने या डॉक्टरीणबाईंनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या काही वृद्धांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीच्या कितीतरी वर गेली. नव्वदीत हे होत असेल, तर पंचेचाळिशीत "वय झालं" म्हणण्याला आधार काय? जड वजनाचे बॉक्सर जास्त वर्षं टिकतात त्यामागेही हेच आहे. ठोशाची ताकद शेवटी जाते, चपळाई आधी.

बाकीची कारणं थोडक्यात. लढती कमी झाल्या. पूर्वी आर्ची मूर किंवा शुगर रे रॉबिन्ससारखे बॉक्सर आयुष्यात दोनशेच्या आसपास लढती लढायचे. उसिकच्या दुब्वाशी झालेल्या त्या लढतीपर्यंत एकूण चोवीस. नोव्हेंबर १९८२ मध्ये दक्षिण कोरियाचा किम डुक-कू लढतीतल्या माराने दगावला, आणि त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या. दुखापतीचं निदान लवकर होतं, खांद्याची-हाताची शस्त्रक्रिया सोपी झाली. शिवाय व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये कोणाशी, केव्हा लढायचं हे मोठ्या नावांना पुष्कळ प्रमाणात ठरवता येतं. पैसाही मोठा आहे, म्हणून माणूस खेळात टिकून राहतो. या गोष्टी आपल्याला लागू नाहीत. मधले दिवस मात्र लागू आहेत.

आणि ज्याने मधली दहा वर्षं घालवून टाकली, त्याचं काय? सातपूरमध्ये अशांचीच संख्या जास्त असणार. आयटीआयला असताना कबड्डी खेळलेला, कंपनीत लागल्यावर पहिली दोन वर्षं जिमला गेलेला, मग लग्न, कर्ज, ओव्हरटाइम, मुलांच्या फिया. त्याने जॉर्ज फोरमनची गोष्ट नीट ऐकावी. नीट म्हणतो, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते.

१९७४ मध्ये महंमद अलीने फोरमनला झाईरमध्ये हरवलं. १९७७ मध्ये फोरमनने बॉक्सिंग सोडलं आणि तो धर्मोपदेशक झाला. दहा वर्षं रिंगमध्ये पाय ठेवला नाही, वजन प्रचंड वाढलं. नोव्हेंबर १९९४ मध्ये, ४५ व्या वर्षी, त्याने २६ वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या फेरीत झोपवलं आणि तो पुन्हा जगज्जेता झाला. वीस वर्षांपूर्वी अलीशी लढताना घातलेली लाल चड्डीच त्याने त्या रात्री घातली होती. गोष्ट इथपर्यंतच सांगतात. मधली सात वर्षं वगळतात. १९८७ मध्ये परतला तेव्हा फोरमनने थेट जगज्जेत्याला आव्हान दिलं नाही. तो लहान-लहान गावांत, बेताच्या प्रतिस्पर्ध्यांशी लढत राहिला. लोक हसले. चार वर्षांत त्याने अशा चोवीस लढती जिंकल्या, वजन टप्प्याटप्प्याने उतरवलं, दम परत आणला. मग १९९१ मध्ये इव्हँडर होलीफिल्डसमोर उभा राहिला. हरला, पण पूर्ण बारा फेऱ्या उभा राहिला. १९९३ मध्ये दुसऱ्या एकाकडूनही हरला. त्यानंतर १९९४ आलं.

म्हणून एक जानेवारीला जिमचे वर्षाचे पैसे भरून पहिल्याच आठवड्यात विशीतल्या पोरांएवढं वजन उचलू नका. खांदा धरतो, आठवडाभर हात वर जात नाही, पैसे बुडतात, आणि "आपलं वय झालं" ही समजूत आणखी घट्ट होते. दहा वर्षं थांबलेल्या शरीराला निदान सहा महिने तरी द्या.

आपल्या शेजारी, गोव्यात, या गोष्टीची दुसरी बाजू दिसली. विजेंदर सिंग व्यावसायिक झाल्यापासून एकही लढत हरला नव्हता. बारापैकी बारा जिंकलेल्या. नोव्हेंबर २०१९ नंतर टाळेबंदी आली आणि सोळा महिने तो रिंगबाहेर राहिला. मार्च २०२१ मध्ये पणजीत, मांडवीतल्या कॅसिनो-जहाजाच्या छतावर, रशियाच्या आर्तिश लोपसानने त्याला पाचव्या फेरीत संपवलं. विजेंदर तेव्हा ३५ चा. प्रतिस्पर्धी तरुण आणि उंच होता हे खरं. पण मला तरी त्या पराभवात वयापेक्षा ते सोळा महिने जास्त दिसतात. पुढच्या वर्षी रायपूरला तोच विजेंदर, आणखी एक वर्षाने मोठा होऊन, दुसऱ्याच फेरीत जिंकला.

बॉक्सिंग दूरचं वाटत असेल तर नाशिकमध्येच या. डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे नाशिकचे सख्खे भाऊ. २०१५ मध्ये त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओशनसाइडपासून पूर्वेच्या ॲनापोलिसपर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर, वाळवंट आणि डोंगर पार करत, नऊ दिवसांच्या आत. थोरल्याचं वय तेव्हा ४४, धाकट्याचं ३९. दोघेही पूर्ण वेळ दवाखाना सांभाळणारे. त्यांच्या आधी एकाही भारतीयाने ही शर्यत पुरी केलेली नव्हती. त्यांनी काही नोकरी-व्यवसाय सोडून संन्यास घेतला नव्हता. कामाच्या आधीचे आणि नंतरचे तास त्यांनी सायकलला दिले, इतकंच.

डॉक्टरांचं सोडा, असंही कोणी म्हणेल. मग पौषात आपल्या त्र्यंबक रोडवर उभे राहा. निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या सातपूरवरूनच पुढे जातात. त्यात सत्तरीच्या म्हाताऱ्या असतात, डोक्यावर तुळस, पायात साधी चप्पल, दिवसाला वीस किलोमीटर. त्यांच्यामागे कोच नाही की आहारतज्ज्ञ नाही. वर्षभर शेतात वाकणं, उठणं, भारा उचलणं, चालणं चालू असतं, म्हणून वारीचे दिवस निभतात. आपण त्यांना पाणी देतो, पाया पडतो आणि बाइकवरून घरी जातो.

आता सातपूरच्या माणसाचे मधले दिवस पाहू. कारखान्यातलं काम कष्टाचं आहेच, पण ते एकाच प्रकारचं आहे. प्रेस चालवणाऱ्याचा एकच खांदा राबतो. सीएनसीवाला आठ तास उभा असतो, पण चालत नाही. असेंब्लीवर कंबर वाकलेली राहते. म्हणून "दिवसभर राबतो, मला व्यायाम कशाला" हे म्हणणं खरं असूनही पुरेसं नाही. त्या कामाने माणूस थकतो, पण त्याचा दम वाढत नाही, आणि जे स्नायू कामात येत नाहीत ते तसेच सुकत जातात. त्यात आपल्या मातीचा एक घात आहे: पाश्चात्त्य देशांच्या मानाने हृदयविकार आपल्याकडे पाच-दहा वर्षं आधी येतो, मधुमेहही लवकर येतो. म्हणजे तिकडे पन्नाशीला जे सावध होणं, ते इकडे चाळिशीला.

मला विचाराल तर पहिली दुरुस्ती झोपेची. मोठे बॉक्सर सरावाइतकंच झोपेला जपतात, कारण शरीर सरावात झिजतं आणि झोपेत भरून येतं. तिन्ही पाळ्या करणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही, हे मला ठाऊक आहे. तरी रात्रपाळीवरून घरी आल्यावर मोबाइल पाहत अकरा वाजवू नका. खोली अंधारी करा, जाड पडदा नसेल तर चादर लावा, आणि घरच्यांना सांगा की या सहा-सात तासांत दारावरची बेल आणि गॅसवाला हे त्यांचं काम. पाळीच्या उत्तरार्धात चहा बंद. ज्या कंपन्यांत पाळ्यांचा क्रम कामगार आणि व्यवस्थापन मिळून ठरवतात, तिथे क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे सरकणारा मागा. उलटा क्रम शरीराला जास्त जड जातो. युनियनने पगाराच्या मागण्यांसोबत ही मागणीही लावून धरावी.

दुसरी दुरुस्ती ताकदीची. आपल्याकडे चाळिशीनंतर व्यायाम म्हणजे फक्त चालणं, असं ठरून गेलं आहे. चालणं उत्तमच, आठवड्याला निदान १५० मिनिटं दम लागेल असं चाला, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण तीच संघटना त्याच दमात आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकद लावणारा व्यायामही सांगते, आणि तो आपण विसरतो. त्यासाठी जिम लागत नाही. जोर आणि बैठका आपल्याच आहेत. जमिनीवर जोर निघत नसतील तर भिंतीला हात टेकून काढा, महिन्याने ओट्याला, मग पायरीला, मग जमिनीवर या. बैठका जमत नसतील तर खुर्चीवरून हात न लावता उठा-बसा. संख्या कमी ठेवा. शेवटचे दोन-तीन अवघड गेले पाहिजेत, इतकंच. आठवड्यात दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी. सुट्टीचा दिवस चुकवू नका, आणि सुट्टीनंतरचा दिवस तर अजिबात चुकवू नका. लग्नसराई आली, गणपती आले, कंपनीत माल निघायची घाई आली, तरी दहा मिनिटं काढा. थोडं केलं तरी चालेल, शून्य नको.

खाण्याबद्दल फार बोलत नाही. कॅन्टीनमधल्या वडापावची जागा रोज एकदा मोड आलेल्या मटकीने, उकडलेल्या अंड्यांनी किंवा मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांनी घेतली तरी मोठं काम झालं. ताटात भात-पोळीचा ढीग आणि डाळ चमचाभर, हे प्रमाण बदला. रविवारी मिसळ खायला कोणाची ना नाही.

यापुढचं मला जास्त काळजीने सांगायचं आहे.

चाळिशीतले जगज्जेते पाहून चुकीचा धडा घेऊ नका. आपल्याला दिसतात ते उरलेले. त्यांच्याबरोबर सुरुवात केलेले शेकडो जण तिशीत संपले; कोणाचा डोळा गेला, कोणाचा हात, कोणाची बुद्धी मंदावली. ठोशांनी मेंदूवर होणारा परिणाम १९२८ मध्येच हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरने लिहून ठेवला होता. ती इजा साठत जाते आणि कोणत्याही व्यायामाने परत भरून येत नाही. महंमद अली २ ऑक्टोबर १९८० रोजी लॅरी होम्सशी लढला तेव्हा ३८ वर्षांचा होता, उसिकच्याच वयाचा. दोन वर्षं तो लढला नव्हता, वजन वाढलं होतं. ते झटपट उतरवण्यासाठी त्याने थायरॉइडची औषधं घेतली होती. आरशात तो तरुण दिसत होता. रिंगमध्ये हात उचलवत नव्हता. दहा फेऱ्यांनंतर त्याच्या कोपऱ्यानेच लढत थांबवली. १९८४ मध्ये त्याला पार्किन्सनचं निदान झालं. आणि ज्या हॉपकिन्सची मी एवढी तारीफ केली, तोही शेवटी थांबायला चुकला: डिसेंबर २०१६ मध्ये, ५१ व्या वर्षी, २७ वर्षांच्या जो स्मिथच्या माराने तो दोरांमधून रिंगबाहेर फेकला गेला आणि डोक्यावर पडला.

तेव्हा बॉक्सिंगची आवड असेल तर चाळिशीनंतरही ते जरूर करा: दोरीवरच्या उड्या, पायांची हालचाल, बॅगवर ठोसे, हवेत ठोसे. दम आणि तोल सुधारायला याच्यासारखा व्यायाम क्वचितच सापडेल. पण डोक्यावर ठोसे खाणारं स्पारिंग करू नका. कोणी "हेडगार्ड आहे ना" म्हणालं तरी नाही. हेडगार्डने कातडी फाटायची वाचते. कवटीच्या आत मेंदू हलायचा तो हलतोच.

अलीने वजन उतरवायला घेतलेल्या त्या औषधांची आजची भावंडं सातपूरच्या गल्लीबोळांत मिळतात. पोट उतरवणारी पावडर, "ताकदीचं" इंजेक्शन, डबा दाखवून चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्या. मोठे व्यावसायिक बॉक्सरही चाचण्यांत सापडले आहेत, त्यामुळे प्रत्येक म्हाताऱ्या विजेत्याच्या विजयात सगळंच शुद्ध असतं असं मानू नका. पण त्यांच्यामागे डॉक्टरांची फौज असते. तुमच्यामागे घर आहे. स्टेरॉइडने रक्तदाब वाढतो, हृदय जाड होतं, यकृत बिघडतं. जिममधला कोणी दादा असलं काही हातावर ठेवत असेल तर ती जिम सोडा, आणि आपल्या पोराचीही तिथून सुटका करा. हे सांगायला संकोच करू नका. विशीतल्या पोरांना याची किंमत चाळिशीत कळते.

घरातल्या बाईचं नाव या सगळ्यात अजून आलं नाही, आणि सातपूरच्या मैदानांवर सकाळी पाहिलं तर तिथेही ती कमीच दिसते. मेरी कोमने सहावं जगज्जेतेपद नोव्हेंबर २०१८ मध्ये दिल्लीत जिंकलं, पस्तिशी ओलांडल्यावर, तीन मुलांची आई असताना. टोकियो ऑलिंपिकला ती ३८ व्या वर्षी उतरली. तिच्यामागे मुलं सांभाळणारा नवरा होता, हे तेव्हा तिने स्वतः वारंवार सांगितलं होतं. चाळिशीनंतर बाईची हाडं पुरुषापेक्षा लवकर ठिसूळ होऊ लागतात, मासिक पाळी थांबली की फारच झपाट्याने, आणि हाडांना वाचवणारी गोष्ट हीच: ताकदीचा व्यायाम. तेव्हा भाऊ, आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही उरका आणि तिला मैदानावर पाठवा. "घरकामात व्यायाम होतो" हे तिला सांगू नका. कारखान्यात होतो का, ते वर पाहिलंच आहे.

सुरू करण्याआधी एक सकाळ तपासणीसाठी काढा. रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल. धाप लागत असेल, विडी-सिगारेट असेल किंवा वडील-भाऊ हृदयविकाराने लवकर गेले असतील तर डॉक्टरांना विचारून ईसीजीसुद्धा. ज्यांचं ईएसआय कार्ड आहे त्यांच्यासाठी त्र्यंबक रोडवर रुग्णालय आहे. कार्ड पाकिटात जपून ठेवण्यापेक्षा वापरा. कंपनीत वर्षातून एकदा तपासणी होत असेल तर तो कागद फाइलला लावून विसरू नका, गेल्या वर्षीच्या कागदाशेजारी ठेवून वाचा. आकडे कसे सरकत आहेत ते एका कागदावर दिसत नाही.

आणि व्यायाम करताना, जिना चढताना किंवा मशीनवर उभं असताना छातीत दाब आला, कळ जबड्यात, खांद्यात किंवा हातात उतरली, थंड घाम फुटला, तर लगेच थांबा. गॅस झाला म्हणून सोडा पिऊ नका, ओवा चावत बसू नका. सुपरवायझर काय म्हणेल याचा विचार करू नका. एकट्याने गाडी चालवत निघू नका. शेजारच्याला हाक मारा आणि १०८ ला फोन लावा. सोबत काम करणाऱ्यांना हा नंबर आजच सांगून ठेवा, कारण त्या वेळी फोन बहुधा त्यांनाच करावा लागतो.